रुई हलली म्हणून हसणाऱ्यांना

दिवाळी अंकाचे सर घरी आले आणि म्हणाले, "दादाराव, तुम्ही एकतीस वर्षं टॉकीजच्या दारावर होता. तिथल्या गमती लिहा. लोकांना हसू आलं पाहिजे."

हसण्याचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं. लोक यंदा पुष्कळ हसले आहेत. माझ्या बायकोला हसले. ती पडद्यावर मेलेली पडली होती आणि लोक खुर्च्या बडवून हसले. तेव्हा सर, मी लिहितो, पण मला लिहायचं ते लिहितो. नाही पटलं तर छापू नका.

माझं शिक्षण चौथी. लिहिलेलं माझी मुलगी शोभा हिनं तपासलं. तिनं माझे मले-तुले काढून टाकले, पण लोक बोलले ते बोलले तसंच ठेव म्हणून मी तिला सांगितलं.

दिग्रसला आमची टॉकीज होती. आता त्या जागी मंगल कार्यालय आहे. मी तिथे डोअरकीपर होतो. लोकांना वाटतं डोअरकीपर म्हणजे तिकीट फाडायचं, बॅटरी मारून खुर्ची दाखवायची, झालं. तेवढं तर कोणीही करतं. माझं खरं काम होतं रिपोर्ट देण्याचं. पिक्चर शुक्रवारी लागायचा. रविवारी दुपारचा खेळ सुटला की मॅनेजर साहेब मला ऑफिसात बोलवायचे आणि विचारायचे, "दादाराव, रिपोर्ट काय?" म्हणजे पब्लिक काय म्हणतं. त्यावर ठरायचं की पिक्चर दुसरा आठवडा ठेवायचा की पेटीत घालून परत पाठवायचा. शिकलेली माणसं पेपरात लिहायची ते साहेब वाचत नसत. माझं ऐकत.

रिपोर्ट घेण्याची एक रीत असते. माणसाला विचारायचं नाही. विचारलं की तो खोटं बोलतो. दार उघडून धरायचं, बहिऱ्यासारखं तोंड करायचं आणि ऐकायचं. दारापासून रस्त्याच्या फाटकापर्यंत माणूस खरं बोलतो. पानठेल्यावर गेला की मित्राचं ऐकून बोलतो. घरी गेला की बायको म्हणेल ते. म्हणून मधल्या त्या पन्नास पावलांत काय ऐकलं तोच रिपोर्ट.

सगळ्यात अवघड भुताच्या पिक्चरचा. भ्यालेला माणूस लय मोठ्यानं बोलतो. "काई नाही बे, कायचं भूत, हसू येत होतं मले." असं म्हणणारे चार जण मी मुतारीकडे एकमेकांचा हात धरून जाताना पाहिलेत. त्यामुळे भुताच्या पिक्चरला मी तोंडाकडे नाही, पायाकडे पाहायचो. पब्लिक भराभर बाहेर पडलं तर पिक्चर चांगला. रेंगाळत आलं तर गेला.

एकदा बाजाराच्या दिवशी तांड्यावरची एक म्हातारी आली होती. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. इंटरवलमध्ये ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"दादा, तुमचं भूत खोटं हाय."

"काहून याडी?"

"ते दारातून आलं. भूत दारातून कायले येईन? दार जित्या माणसासाठी असते. अन् पाय पाह्यले का त्याचे? सरळ हायेत. तुह्यासारखे."

मी माझ्या पायाकडे पाहिलं. साहेबांना हे जसंच्या तसं सांगितलं तर ते पोट धरून हसले. पण पिक्चर बुधवारी उतरवावा लागला. याडी बरोबर होती.

खुनाच्या पिक्चरचं दुसरंच दुखणं. पहिला खेळ पाहून निघालेला एखादा हलकट रांगेतल्या लोकांसमोरून जाताना मोठ्यानं सांगायचा, खून वकिलानं केला म्हणून. झालं, रांग अर्धी व्हायची. मी त्यावर औषध काढलं होतं. त्यानं वकिलाचं नाव घेतलं की मी दारातून ओरडायचो, "वकील नाही हो, नोकरानं केला." मग माझा एक ओळखीचा रिक्षावाला म्हणायचा, "कायचा नोकर, बायकोनं केला." पाच मिनिटांत रांगेत भांडण लागायचं आणि ते मिटवायला सगळे आत. एवढी अक्कल मला होती. याचा मला अजून अभिमान आहे, का नसावा?

पण रिपोर्टचा दुसरा वापर होता, तो सांगताना चांगलं वाटत नाही. पब्लिक एखाद्या जागी कंटाळलं, किंवा नको तिथे हसलं, की मी साहेबांना सांगायचो आणि साहेब ऑपरेटरला सांगायचे. ऑपरेटर ब्लेडनं तेवढी फिल्म कापायचा, दोन टोकं चिकटवायचा. दुसऱ्या दिवशी तो सीन नाही. पिक्चर बनवणाऱ्याला कळायचंही नाही. दिग्रसला आम्ही किती पिक्चर असे कापले त्याचा हिशेब नाही, आणि त्यातले बरेच माझ्या सांगण्यावरून.

एक पिक्चर होता, त्यात जत्रेचं गाणं होतं. पब्लिक गाणं लागलं की बिडी प्यायला बाहेर. मी रिपोर्ट दिला, गाणं कापलं. तीन दिवसांनी घाटंजीकडची एक बाई आली. पिक्चर संपला, सगळे गेले, ही खुर्चीवर बसूनच. मी बॅटरी मारली.

"बाई, खेळ सुटला."

"गाणं व्हायचं हाय न अजून. जत्रेचं. त्यात माह्या भाऊ नाचते मागं, लाल फेट्यात. मुंबईले गेलता, मंग आलाच नाही. गावच्या एकानं त्याले पाह्यलं यात."

मी म्हणालो, "असं गाणं नाही या पिक्चरात." ती म्हणाली, बरं. आणि गेली. तिला बस पकडायची होती. मी खोटं बोललो ते आमच्या टॉकीजची अब्रू राखायला. त्या दिवशी मला नीट जेवणही गेलं. आता जात नाही.

आता यंदाच्या पिक्चरचं सांगतो. नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात होईल.

दोन वर्षांपूर्वी मुंबई-पुण्याची माणसं दिग्रसला शूटिंगला आली. गावाबाहेर कापसातली सरकी काढून रुई करायची एक जुनी जिनिंग बंद पडलेली आहे, तिथे त्यांनी डेरा टाकला. गोष्ट अशी की कापसाच्या एका लहान गावात एका पोरीचा खून होतो आणि तिचं भूत एकेकाला मारत सुटतं. एक म्हातारी असते. तिनं तो खून डोळ्यांनी पाहिलेला, पण तोंड उघडलेलं नसतं. तीही एक दिवस रुईच्या ढिगावर मेलेली सापडते. शेवटी कळतं की काही खून भुतानं केले आणि काही शाळेच्या मास्तरानं भुताचं नाव सांगून केले. कोणते कोणाचे, ते मला सहा वेळा पाहूनही समजलं नाही.

त्या म्हातारीला त्यांना बाई पाहिजे होती. बोलायचं काही नाही, नुसतं पडून राहायचं. माझी बायको, शोभाची माय, शूटिंग पाहायला गेली होती. तिचं नाव कौसल्या. मी तिला नावानं कधी हाक मारली नाही, इथे लिहितो. लग्नानंतर तिनं अकरा हंगाम त्याच जिनिंगमध्ये काम केलं होतं. मशीनीत कापूस लोटायचा, रुई निघाली की ओढायची. दिवसभर हवेत तंतू. नाकाला पदर बांधला तरी जायचे ते जायचेच. तिला दमा तिथून लागला. जिनिंग सुटली, दमा नाही सुटला.

तिथे केतकी नावाची पुण्याची मुलगी होती, डायरेक्टरच्या हाताखाली. तिनं हिला पाहिलं आणि पसंत केलं. ही घरी येऊन मला म्हणाली, "मेलेलं होऊन पाहाव म्हणतो एकडाव. कसं वाटते ते."

"तुले दुसरं काम नाही?"

"तुम्ही एकतीस वर्ष लोकाईचे चेहरे पडद्यावर पाह्यले. आता माह्या पाहा."

मी सोबत गेलो. रुईच्या दोन गाठी फोडून ढीग केला होता. तिला त्यावर निजवलं. केतकी म्हणाली, "आजी, डोळे मिटायचे आणि आम्ही सांगू तोपर्यंत श्वास धरायचा." आणि सुंदर दिसावं म्हणून तिच्या तोंडाभोवती, नाकाजवळ रुईचे पुंजके ठेवले.

हिनं डोळे उघडले. "बाई, नाकाजवळची रुई काढा. हलन ते."

"नाही दिसत आजी कॅमेऱ्यात."

"दिसन. मी त्या रुईत अकरा हंगाम काढले. नुसतं पाह्यलं तरी उडते ते. अन् मेलेलं माणूस हाय न मी? मंग रुई काहून हलन?"

केतकी हसली आणि डायरेक्टरकडे गेली. डायरेक्टरनं लांबूनच हात हलवला, चालू द्या म्हणून. कॉलेज शिकलेल्या तीस-चाळीस लोकांत रुई कशी असते हे ठाऊक असलेली एकच बाई होती, आणि तिला मढं म्हणून निजवलं होतं. मढ्याचं कोण ऐकतं?

पहिल्या वेळी तिनं श्वास धरला. दिवा बरोबर नव्हता. दुसऱ्या वेळी धरला, मधेच बाहेरून ट्रकचा भोंगा वाजला. तिसऱ्या वेळीही धरला, चेहरा निळा पडत आला होता, आणि कॅमेरावाला म्हणाला, आणखी एकदा, आता जवळून. मी पुढे झालो, म्हणालो, तिला दमा आहे, बस करा. हिनंच मला हातानं मागं सारलं. चौथ्या वेळी तिला धरता आला नाही. डायरेक्टर म्हणाला, "ओके." घरी येताना रिक्षात ती खोकत होती आणि हसतही होती. "शोभीचे बाबा, पाहा बरं, मी मेली न् रिक्षानं घरी चालली."

पुढच्या पौषात ती खरंच गेली. यवतमाळच्या दवाखान्यात, नाकाला नळी. शेवटचे तीन दिवस तिच्या खाटेजवळ बसून तिचे श्वास मोजण्याशिवाय मला काही काम नव्हतं. एक झाला की दुसरा येतो का ते पाहायचं. मोजायची सवय मला तिथे लागली. तिथे किती झाले ते मी सांगत नाही.

पिक्चर उन्हाळ्यात लागला, यवतमाळला. शोभाला घेऊन मी पहिल्याच दिवशी एसटीनं गेलो. आत गार हवा, खुर्च्या मऊ. पहिल्या दहा मिनिटांत मला राग आला, कारण गावातली सगळी माणसं भुताला भिणारी, मूर्ख, आणि बोलत होती ती भाषा आमची नाहीच. कोणालाही "काहून" म्हणायला लावलं की झाली वऱ्हाडी, असं त्यांना वाटतं. मागून एक जण म्हणाला, "हे कोणत्या जिल्ह्यातली बोली होय बे?" बरोबर बोलला.

मग इंटरवलच्या जरा आधी तिचा सीन आला. जिनिंगचं दार उघडतं, उजेड आत जातो, ढिगावर म्हातारी. कॅमेरा जवळ, आणखी जवळ. आणि नाकाजवळची रुई हलली. वर झाली, खाली बसली. पुन्हा वर झाली.

मी खुर्चीचा दांडा धरला. चार महिने झाले होते तिला जाऊन. तो श्वास मी ओळखत होतो. घेताना थोडा अडकतो, सोडताना लांब. तिचाच होता. मी मोजायला लागलो. आणि तेवढ्यात हसणं सुरू झालं. आधी एक कोपरा, मग अख्खं पब्लिक. कोणी तरी ओरडलं, "अबे बुढीले उठवा, झोपली ते." तिसऱ्यानंतर माझा हिशेब चुकला.

खेळ सुटल्यावर मी सवयीनं दारापाशी उभा राहिलो. शोभा म्हणाली, "बाबा, चला न." मी म्हणालो, थांब. एकतीस वर्षं मी ऐकत आलो, तसंच ऐकलं.

"भूत मस्त हाय, स्टोरीत दम नाही."

"मास्तर होय हे मले इंटरवलाच्या आधीच समजलं." हा खोटं बोलत होता.

एक बाई नवऱ्याला म्हणत होती, "आपल्या गावाले काहून असं दाखवते हो हे लोक? आपण काय रोज भूतच पाहून राह्यलो?"

आणि बाकी सगळे, जवळजवळ सगळे, बुढीबद्दल. बुढी जिती होती. बुढीनं पिक्चर खाल्ला. बुढीले अवार्ड द्या.

मी प्रामाणिकपणानं लिहितो. चूक होती. मढ्याच्या नाकाजवळची रुई हलू नये. ती बाई दुसऱ्याची असती आणि मी दारावर असतो, तर मीच ऑफिसात जाऊन सांगितलं असतं, साहेब, पब्लिक हसून राह्यलं, बुढीचा सीन कापा. त्यामुळे माझा राग अर्धा माझ्यावर आहे. उरलेला मात्र तुमच्यावर, हसणाऱ्यांवर आहे आणि तो मी कमी करणार नाही.

कारण तुम्ही फाटकापर्यंत बोलून थांबला नाही. आमच्या वेळी पब्लिकचं मत पन्नास पावलं चालून संपायचं. आता ते मोबाईलवर जातं. कोणी तरी तेवढाच तुकडा उचलला, वर हसण्याचा आवाज टाकला आणि खाली लिहिलं, "मुडद्याले दमा झाला." शोभाच्या मोबाईलवर तो तुकडा तीन ठिकाणांहून आला. एक तर आमच्याच गल्लीतल्या माणसानं पाठवला, जो तिच्या तेराव्याला जेवून गेला होता. मी त्याच्या घरी गेलो.

"कोण होय ते पाह्यलं का नीट?"

"कोण? बुढी? हं, मजा आली न दादाराव?"

"माह्यी बायको होय."

त्यानं मोबाईल पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "मेकअपमधे ओळखू नाही आल्या वहिनी." काही मेकअप नव्हता. नुसती ती होती आणि रुई.

दमा झाला म्हणता. झाला होता. तुमच्या अंगावर जो सुती कपडा आहे त्याच्या रुईनं झाला होता. त्यात हसायचं काय आहे ते मला समोर येऊन सांगा.

मी त्यानंतर पिक्चरला जात राहिलो. एकटाच. जुन्या टॉकीजवाल्याला पिक्चरची जागा बरोबर ठाऊक असते, तिच्या सीनच्या आधी मी सरळ होऊन बसायचो आणि मोजायचो. लोक हसायचे, मी एकेक बोट मिटत मोजायचो. सात. प्रत्येक वेळी सात. मग पडदा काळा होतो आणि इंटरवल.

दुसऱ्या आठवड्यात केतकीचा शोभाला फोन आला. आवाज आनंदाचा होता. शोभानं मोबाईल माझ्याकडे दिला.

"काका, आजी गेल्याचं मला आता कळलं. फार वाईट वाटलं. आणि लोक जे बोलतायत त्याचंही. पण आम्ही ते सुधारतोय. पिक्चर आता मोबाईलवर येणार ना, त्यात तो शॉट कॉम्प्युटरवर थांबवून टाकलाय. काहीच हलणार नाही. आजींना कोणी हसणार नाही."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"म्हणजे तिचा श्वास काढून टाकला?"

"म्हणजे... हो. चूक होती ना ती आमची."

"तिनं तुम्हाला सांगतलं होतं तवा नाही ऐकलं. आता राहू द्या."

"काका, थट्टा थांबेल."

"थट्टा होऊ द्या. मी सहन करून राह्यलो न? तिले कायले थांबवता?"

ती हळू आवाजात म्हणाली की तिच्या हातात काही नाही. ज्यांनी पिक्चर विकत घेतला त्यांनीच सांगितलं की हसं झालेला तो शॉट दुरुस्त करा. मी म्हणालो, मग जुना तुकडा तरी मला द्या. आमचा ऑपरेटर कापलेले तुकडे डब्यात ठेवायचा, फेकत नव्हता. ती म्हणाली, तसं देता येत नाही, करार असतो, पण मी सरांना विचारते. विचारलं की नाही, देव जाणे. फोन पुन्हा आला नाही. मोबाईलवरचा तो थट्टेचा तुकडाही कंपनीनं काढून टाकायला लावला. तसाही त्यात दोनच श्वास होते आणि वर ते हसणं. मला तो नको होता.

शोभा म्हणाली, "बाबा, गुरुवारी शेवटचा खेळ हाय. मी येतो. मायचा सीन मोबाईलात घेऊन घेऊ चुपचाप."

मी म्हणालो, नाही. मी दारावर असताना कोणाला पडद्याचा फोटोही घेऊ दिला नाही. एका फौजदाराच्या मेहुण्याचा कॅमेरा मी काढून घेतला होता. पडद्यावरची वस्तू चोरायची नसते. शोभा रडली. म्हणाली, तुमची नोकरी कवाच संपली. मी ऐकलं नाही आणि तिला घरी ठेवून एकटा गेलो. बरोबर केलं का? तेव्हा वाटलं बरोबर. आता लिहिताना हात थांबतो.

गुरुवारी दुपारी बाराचा खेळ. तोपर्यंत दिवसाला एकच खेळ उरला होता. आत आठ-नऊ माणसं. माझ्या मागच्या रांगेत, जरा बाजूला, एक जोडपं, माणूस चाळिशीचा. जिनिंगचं दार उघडलं. उजेड गेला. रुई हलली.

मागून आवाज आला, "पाह्य पाह्य, बुढी श्वास घेऊन राह्यली."

मी वळलो नाही. म्हणालो, "हो, घेऊन राह्यली. घेऊ दे."

पुढे कोणी बोललं नाही. सगळ्या खेळांत त्या एका वेळी मला रुईशिवाय काही ऐकू आलं नाही. रुईचा आवाज नसतो हे मला कळतं. सात झाले. पडदा काळा झाला, दिवे लागले. तो माणूस पुढे वाकला.

"बाबा, कोण होय ते तुमची?"

"बायको."

"गेल्या?"

"पौषात."

त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं. बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं, गप राहा म्हणून. पण तो बोललाच.

"आठ हायेत."

"काय आठ?"

"श्वास. तुमची बोटं पाह्यली मी. तुम्ही सात मोजले. आठ हायेत. पडदा काळा होता होता एक अर्धा घेतला त्याईनं."

"सात हायेत. मी सहा डाव पाह्यला हा पिक्चर."

"तुम्ही तवर डोळे मिटले होते, बाबा."

त्याची बायको हळूच म्हणाली, "मीबी आठच मोजले."

मी त्यांच्याशी भांडलो. माझ्या बायकोचे श्वास मला शिकवता का, म्हणालो. तो माणूस उलट बोलला नाही, त्याचा मला जास्त राग आला. इंटरवलनंतर मी आत गेलो नाही. बसस्टँडवर दोन बसेस सोडल्या.

शुक्रवारपासून तिथे दुसरा पिक्चर लागला. मोबाईलवरचा गणपतीत आला. शोभानं पाहिला. ती म्हणाली, "बाबा, माय एकदम शांत दिसते." मी तिच्यावर ओरडलो, तिची काही चूक नसताना. सात की आठ, एवढंच मला आणखी एकदा पाहायचं होतं. ते ज्या सीनमध्ये पाहता आलं असतं त्यातला श्वासच तुम्ही हसून हसून काढायला लावला.